बांधावरचा तरवड

नवरात्रात आमच्या घटावर रोज तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ चढते. मांजरसुंब्याला रस्ता रुंद झाला, तेव्हा कडेची तरवडाची बारमाही हिरवी झुडपं सगळी गेली. जवळपास एकच तरवड उरला, खालांच्या बांधावर. खाला म्हणजे मागच्या गल्लीतल्या फळगाडीवाल्याची बायको. सकाळी फुलं खुडून, ओल्या फडक्यात बांधून त्या चार घरी द्यायच्या. आमच्याकडे चहाला टेकायच्या.

मला रोज त्यांची वाट बघायचा कंटाळा आला होता. झाड आपल्याच अंगणात असावं असं वाटायला लागलं. दोन वर्षांपूर्वी घटस्थापनेच्या आदल्या दुपारी त्या बाजारात गेलेल्या बघून मी टिकाव घेऊन बांधावर गेले. मूळ फार खोल होतं, ओढताना तुटलं. तरी तसाच आणून मागच्या अंगणात लावला. सकाळी पानं लोंबत होती, कळ्या खाली पडल्या होत्या.

त्या दिवशी खाला दहाला आल्या. पाय धुळीनं भरलेले.

"कुणीतरी तरवड मुळासगट नेला बघ. कावून नेला आसंल? तुमच्या माळीची पंचाईत नको म्हणून डोंगरावर जाऊन आले."

मी फुलं घेतली. आणि म्हणाले, "लोकांना लाजच राहिली नाही."

गुडघे धरत त्या रोज डोंगर चढत राहिल्या. पाचव्या दिवशी मला राहवेना, मी सोबत गेले. वर पोचल्यावर कसंबसं तोंड उघडलं.

"खाला, तुमचा तरवड मीच नेला."

त्या फुलं खुडत राहिल्या. फडकं बांधून झाल्यावर म्हणाल्या, "मागितलं आसतंस तर शेंगा दिल्या आसत्या. उपटून लावलेला तरवड जगत न्हाई, बी पेरावं लागतं."

पुढच्या दिवशीही फुलं आली, पण त्या ओट्यावर ठेवून गेल्या. चहाला हाक मारली तर कामं आहेत म्हणाल्या. नवव्या माळेला फडक्यात फुलांबरोबर वाळक्या शेंगा होत्या.

मी त्या पेरल्या. तीन रोपं आली, त्यातल्या एकाला यंदा फुलं धरली. पहिली ओंजळ घेऊन मी त्यांच्या दारी गेले. त्यांनी ती घेतली, चांगली आलीत म्हणाल्या. आत ये म्हणाल्या नाहीत.

घरी कुणी झाडाचं कौतुक केलं, की बी खालांनी दिलं एवढंच सांगते. त्याआधीचं अजून कुणाला सांगितलेलं नाही.