शॉर्टस्टॉप म्हणजे बसस्टॉप नव्हे

माझ्या साडूवर झाला तेवढा अन्याय अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसऱ्या कोणावर झालेला नाही. हे माझं मत नाही, त्याचं आहे. पण इतकी वर्षं ते रोज कानावर पडल्यामुळे आता माझाही त्यावर विश्वास बसत चाललाय. अन्याय काय, तर हा माणूस शॉर्टस्टॉप आहे आणि ते काय असतं हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो, नाहीतर तो माझ्या दुकानाची पायरी चढायचा नाही. बेसबॉलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये जो उभा राहतो तो शॉर्टस्टॉप. सरपटत येणारे सगळ्यांत वाईट चेंडू त्याच्याच वाट्याला येतात. ते उचलायचे आणि बॅटवाला धावत पोचायच्या आत मैदानाच्या पार पलीकडे, पहिल्या बेसवर फेकायचे. पहिल्या बेसवर कोण असतो? असतो कोणीतरी. साडूच्या मते तिथे खांब रोवला असता तरी चाललं असतं. आमच्या संघात तो खांब मी होतो.

साडूचा दुसरा दावा असा, की तो पगारी खेळाडू होता. या दाव्यावर लोक हसतात आणि लोक हसले की त्याचं डोकं फिरतं. पण ही गोष्ट खरी आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्या शेठचा मुलगा अमेरिकेला जाऊन आला, येताना ग्लोव्ह आणि बॅटी घेऊन आला आणि कारखान्याचा बेसबॉलचा संघ काढून बसला. आम्ही बाकीचे कापूस तोलायचो, गाठी मोजायचो आणि संध्याकाळी खेळायचो. साडू फक्त खेळायचा. एकदा मुनीमजीने त्याला काट्यावर बसायला सांगितलं, तर हा सरळ शेठपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, की शॉर्टस्टॉपचा हात काट्यावर खराब झाला तर जबाबदार कोण. शेठला शॉर्टस्टॉप म्हणजे मशीनचा एखादा महागडा पार्ट वाटला असावा. त्याने घाईघाईने मुनीमजीलाच दटावलं. आमचे हात मात्र खुशाल खराब होत होते. त्यातून हा मला ज्या ताकदीने चेंडू फेकायचा, त्यात माझा डावा तळहात कायम सुजलेला. जरा हळू फेक म्हटलं की तो दुखावल्यासारखा माझ्याकडे बघायचा.

माझं लग्नही त्यानेच जमवलं. यात उपकार वगैरे काही नव्हते. घरचे माझ्यासाठी नागपूरच्या मुली पाहत होते आणि मी नागपूरला गेलो तर आपण चेंडू फेकायचा कोणाला, या काळजीने त्याला झोप येईना. शेवटी स्वतःच्या बायकोची धाकटी बहीण दाखवून त्याने मला आमच्या जाम गावातच अडकवून टाकलं. मांडवात पाहुण्यांशी ओळख करून देताना "हा आमचा पहिला बेस" म्हणाला. माझ्या सासऱ्यांना कितीतरी दिवस हे काहीतरी वाईट व्यसन असावं असं वाटत होतं.

मग राज्याच्या संघाची निवड चाचणी आली. साडू चाचणीत असा काही खेळला की मीसुद्धा तळहाताचं दुखणं विसरलो. यादीत त्याचं नावही लागलं, फक्त शॉर्टस्टॉपला नाही, लेफ्ट फील्डला. म्हणजे लांब, मागे, जिथे चेंडू कधीमधी येतो. शॉर्टस्टॉपची जागा कोणाच्या तरी पुतण्यासाठी आधीच ठरली होती. आम्ही सगळ्यांनी हातापाया पडून सांगितलं, की बाबा रे, उभा राहा कुठेही, राज्याचं सर्टिफिकेट मिळेल, खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागेल. हा म्हणाला, "मी शॉर्टस्टॉप आहो. दुसरीकडं उभा राह्यलो तं मी कोण होईन?" आणि बॅग उचलून एसटीने घरी आला. मला त्या पुतण्याचा राग आला, निवडणाऱ्यांचा आला आणि सगळ्यांत जास्त याचा आला. तो राग अजून गेलेला नाही. पुढे शेठच्या मुलाला बेसबॉलचा कंटाळा आला, संघ मोडला आणि आमचा शॉर्टस्टॉप जामच्या चौकात, माझ्या हार्डवेअरच्या दुकानासमोर, संत्री विकायला बसला.

दुकानावर त्याने मोठ्या झोकात पाटी लावली: शॉर्टस्टॉप फळ भांडार. दुसऱ्याच दिवसापासून लोक पाटीखाली पिशव्या घेऊन उभे राहायला लागले. त्यांनी त्यातलं 'स्टॉप' तेवढं वाचलं होतं. लोक उभे दिसतात म्हणून एसटीवाले गाडी थांबवायला लागले, आणि गाडी थांबते म्हणून आणखी लोक उभे राहायला लागले. हा प्रत्येकाला हात धरून समजवायचा, की हा स्टॉप नाही, शॉर्टस्टॉप आहे. लोकांना वाटायचं, शॉर्टस्टॉप म्हणजे जिथे गाडी थोडाच वेळ थांबते तो, आणि ते आणखी घाई करायचे. एका म्हातारीने तर वडनेरची गाडी आपल्या डोळ्यांसमोरून निघून गेली म्हणून याचीच गचांडी धरली. लवकरच कंडक्टर "चला, शॉर्टस्टॉपवाले उतरा" असं ओरडायला लागले. पाटी काढ म्हणून मी शंभरदा सांगितलं. तो म्हणायचा, की चूक लोकांची आहे तर पाटी मी काऊन काढू?

असा हा माणूस. त्याला मुलगी झाली आणि पाळण्यात ती उशीवरून घरंगळलेल्या खुळखुळ्यावर झडप घालते हे पाहून त्याने सगळ्या चौकाला पेढे वाटले. बारशाला वाटले नव्हते तेवढे वाटले. घरात शॉर्टस्टॉप जन्माला आला होता. पण पोरगी जेवायला लागली आणि उघडकीला आलं, की ती डावरी आहे. तिच्या आजीला काळजी की देवाचा प्रसाद डाव्या हाताने कसा घ्यायचा. आणि याला काळजी वेगळीच. डावरा माणूस शॉर्टस्टॉप होऊ शकत नाही. चेंडू उचलल्यावर पहिल्या बेसकडे फेकायला त्याला अख्खं अंग वळवावं लागतं आणि तेवढ्यात समोरचा पोचतो. तेव्हा आजी ताटावर आणि हा मैदानावर, दोघं मिळून त्या पोरीचा हात बदलायच्या मागे लागले. शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ निघाला तसा हा रोज संध्याकाळी तिला घेऊन चौकामागच्या पडीत, मोकळ्या रानात जायचा. ती उजव्या हाताने फेकायची आणि चेंडू तिच्याच पायाशी पडायचा. हा ओरडायचा. माझ्या गल्ल्यावरून मला सगळं दिसायचं आणि माझी तळपायाची आग मस्तकाला जायची. हा नसला की तीच पोरगी डाव्या हाताने असा सणसणीत चेंडू फेकायची, की भिंतीचे पोपडे उडायचे.

एक दिवस तिने ग्लोव्ह काढून संत्र्यांच्या ढिगावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मले खेळाचंच नाई." रडली नाही, चिडली नाही. घरी निघून गेली आणि नंतर पुष्कळ दिवस पडीत कोणी दिसलं नाही.

त्या दिवशी मी रस्ता ओलांडून गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर त्याच्यावर तुटून पडलो. "तुले दुसऱ्या जागेवर उभं राह्य म्हटलं तं तू बॅग उचलून घरी आला. अन् या पोरीनं दुसऱ्या हातानं फेकावं म्हणतं?" तो संत्री पुसत राहिला. दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. बायकांनी आमचा समेट घडवायचा प्रयत्न केला, तोही फसला. मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही, कारण मी बरोबरच बोललो होतो.

मग एका दुपारी तो माझ्या दुकानात आला. बसला नाही. खिळ्यांच्या खोक्यांकडे बघत विचारलं, "पहिल्या बेसले डावरा चालते ना गा?"

चालतो काय, शोभतो. पहिल्या बेसला डावरा म्हणजे चांगलाच, हे आमच्यात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मला विचारायची त्याला काही गरज नव्हती. मी नुसती मान डोलावली.

"तं तिले तूच शिकवजो. मी शिकवाले गेलो तं पुन्हा उजव्या हातानं फेकाले लावीन." आणि काऊंटरवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवून तो गेला. डावऱ्यांचा ग्लोव्ह उजव्या हातात घालायचा असतो आणि तो आमच्याकडे मिळत नाही. हा त्यासाठी नागपूरची सगळी दुकानं पालथी घालून आला होता. मी तो ग्लोव्ह बराच वेळ हातात घेऊन बसलो. गिऱ्हाईक कडी मागत होतं आणि मी त्याला बिजागरी दिली.

पोरगी शिकली. खांबासारखी उभी राहायला नाही. पाय बेसवर ठेवून हात लांब करायला, आखूड पडलेला चेंडू जमिनीवरून खणून काढायला. पुढच्या हिवाळ्यात सेलूला तिचा पहिला सामना झाला. आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर गेलो. साडू दोरीपाशी, पहिल्या बेसच्या मागे उभा होता आणि पूर्ण सामन्यात तिथून हलला नाही. त्या दिवशी शॉर्टस्टॉपकडे खूप चेंडू गेले. मुली हरल्या.

येताना मला वाटलं, आता याचं सुरू होईल. शॉर्टस्टॉपला खेळणाऱ्या मुलीने कुठे पाय चुकवला, कुठे उशीर केला, ही जागा काय असते हे आजकाल कोणालाच कळत नाही, हे जाम येईपर्यंत ऐकावं लागणार. ऐकायचंच आहे तर लवकर संपू दे, म्हणून मीच विचारलं, आपली शॉर्टस्टॉप कशी वाटली.



"कोण होती गा शॉर्टस्टॉपले?" तो मागून म्हणाला. "मी तिकडं पाह्यलंच नाई."

रागवावं असं त्यात काहीच नव्हतं. मी गाडीचा वेग कमी केला.