खांद्यांवरचे पट्टे

मी हळू बोलतो, असे लोक कौतुकाने म्हणतात. ते ऐकले की मला निपाणीच्या हमरस्त्यावरचे आमचे पत्र्याचे गॅरेज आठवते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी आणि माझा थोरला भाऊ ते चालवत होतो. त्याला मी अण्णा म्हणत असे. छप्पर चेपलेली दोन दारांची एक जुनी गाडी त्याने भंगारातून उचलली, छप्पर कापून टाकले, इंजिन खोलून नव्याने बांधले आणि माळावरच्या मोटारशर्यतीत स्वतः उतरायचे ठरवले. शर्यत भरवणाऱ्यांची अट होती की, चालकाला कमरेवरून आणि दोन्ही खांद्यांवरून धरणारे पट्टे हवेत. तसे पट्टे आमच्या भागात विकत मिळत नव्हते. बेळगावच्या कॅम्पात लष्करी भंगार विकणाऱ्या एकाकडून आम्ही पॅराशूटचे पट्टे आणले. जाड, हिरवट, दाताने ओढले तरी धागा न सुटणारे.

कमरेच्या पट्ट्यांविषयी वाद नव्हता. खांद्यांवरचे पट्टे आसनाच्या पाठीमागे नेऊन बांधायचे कुठे, हा प्रश्न होता. एका जुन्या मासिकातल्या चित्रात मी ते खांद्यांच्या उंचीवरच्या आडव्या पाइपाला बांधलेले पाहिले होते. म्हणून आसनामागे तसा एक पाइप मी वेल्डिंगने नुसता टाचून ठेवला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत आप्पा, आमचे वडील, वखारीतून आले. तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, ट्रकवर चढवायचे आणि दोराने आवळायचे, यातच त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी पाइप हलवून पाहिला.

"ह्यो काय धुणं वाळत घालायचा दांडा रं?"

"पट्टा बांधायला हाय, आप्पा."

"बोद असा वर बांधत्यात व्हय? खाली वढायचं, पार बुडाला. मग बघू कसा हलतोय त्ये."

अण्णा हसला. "आप्पांनी बांधल्याला एक तरी बोद पडलाय का आजपातूर? काढ त्यो दांडा."

"चित्रात वर हाय," मी म्हणालो.

"चित्रातली गाडी निपाणीत येत न्हाय, शाण्या."

दोघेही हसले. मीही हसलो, आणि माझ्याच हातोडीने ते टाके तोडले.

मग आम्ही पट्टे आसनावरून सरळ खाली नेऊन चॅसिसला बोल्टने आवळले, बोल्टांखाली पोलादी पट्ट्या घातल्या. आप्पा स्वतः पट्ट्याला लोंबकळले. "आता यमाला बी सुटायचा न्हाय," ते म्हणाले. इतके चोख काम आमच्या हातून क्वचितच झाले असेल.

शर्यतीत एका वळणावर गाडी घसरली आणि समोरून दगडी बांधावर आदळली. ती उलटली नाही. मी धावत पोहोचलो तेव्हा अण्णा ताठ बसलेला होता.

"बघ रं, पट्टा सुटला न्हाय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "माझं पाय कुठं हाईत?"

बेळगावच्या इस्पितळातले डॉक्टर कानडीत बोलत होते. समजावण्यासाठी त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले आणि खाली दाबले. धडकेत शरीर पुढे फेकले जाते. पट्टे खांद्यांच्या बरोबरीने मागे बांधलेले असतील तर ते छातीला थोपवतात. जमिनीकडे नेलेले पट्टे खांदे खाली ओढतात आणि सारा भार पाठीच्या कण्यावर येतो. पट्टे तुटले नाहीत, बोल्ट उपटले नाहीत. मग मोडायला उरला होता तो कणा.

आप्पा माझ्या मागेच उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, "काय म्हनलं डाक्टर?"

वखारीतल्या गाडीवानांशी कानडीत बोलण्यात त्यांचा अर्धा जन्म गेला होता. तरीही मी म्हणालो, "मार लई बसलाय."

"व्हय," ते म्हणाले. फसले कोणीच नव्हते.

मी मोठ्याने, पुन्हा एकदा बोललो असतो तर त्या दोघांनी ऐकले असते का, हे मी स्वतःला किती वेळा विचारले आहे! बहुधा नसते ऐकले. परंतु या उत्तराने माझे हात हलके होत नाहीत. चित्रात पाइप वर का होता, हे मलाही ठाऊक नव्हते, आणि ते शोधण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. अण्णाने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर निदान क्षमा मागता आली असती.

घरी आणल्यावर तो खुर्चीत बसू शकेना. धड एका अंगाला कलंडे. आम्ही गाडीतलेच पट्टे कापून आणले. लोखंडी खुर्चीमागे खांद्यांच्या उंचीवर मी आडवा पाइप जोडला, या वेळी पक्का. मी अण्णाला पुढून धरले. आप्पांनी पट्टे त्याच्या खांद्यांवरून मागे घेतले. त्यांचे हात सवयीने खुर्चीच्या पायाकडे गेले आणि तिथेच थांबले.

"कुठं बांधू रं?" त्यांनी विचारले.

अण्णा रस्त्याकडे पाहत राहिला.

"वर, आप्पा," मी म्हणालो.

त्यांना ऐकू गेले नाही. पट्ट्यांची टोके मुठीत धरून त्यांनी पुन्हा विचारले.