परतीच्या गाडीतला पंचा

आमच्या हिच्या मामांनी अर्धा महाराष्ट्र पाहिला होता, पण एस.टी. स्टँडाच्या कुंपणाच्या आतला. वाई, भोर, शिरूर, नारायणगाव, कुठल्याही स्टँडावर मुतारी कोणत्या अंगाला आहे आणि कुठल्या उपाहारगृहातल्या बटाटेवड्यात खरोखर बटाटा असतो, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. पण वाईला नदी आहे, घाट आहे, गणपती आहे, असं कुणी म्हणालं की "असेल बुवा, लोक म्हणतात खरं" एवढं बोलून विषय बदलत. कारण मामा भित्रे होते. साप, साहेब आणि भूत यांना ते भीत नसत. त्यांची सगळी भीती एकाच जागी साठली होती: परतीची गाडी चुकेल आणि रात्री परगावी राहावं लागेल. भित्रा माणूस घरी बसतो असा आपला समज असतो. मामांचं उलटं होतं. घरी परत येण्याचं सुख त्यांना इतकं आवडे, की तेवढ्यासाठी ते दर रविवारी पुण्याबाहेर जात. घरही त्यांनी स्वारगेटला इतकं खेटून घेतलं होतं, की मामींच्या कुकरची शिट्टी ऐकून एकदा सासवडची गाडी सुटली होती, असं मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथांना आमच्या घरी काय किंमत आहे, तो प्रश्न वेगळा.

"जावईबापू, रविवारी मोकळे आहात ना?" असं मामांनी दारातून विचारलं, की मी सबब शोधू लागे. कारण त्यांची सहल शेवटाकडून सुरू होई. परतीची गाडी आधी ठरायची, मग तिच्या आधीची, मग ती बिघडली तर ट्रक कुठून मिळेल ते, आणि हे सगळं झाल्यावर कुठं जायचं ते. कुणी हसलं तर म्हणत, "जायला काय हो, मढंसुद्धा जातं. परत यायला अक्कल लागते." शनिवारी संध्याकाळी बैठकीच्या खोलीत रंगीत तालीम होई. खुर्च्या दोन-दोन करून मांडायच्या, मामींनी डबा मांडीवर घ्यायचा, मी घाट आल्याबरोबर, मळमळू नये म्हणून, डोळे मिटायचे. "तुम्ही उशिरा मिटलेत," असं म्हणून त्यांनी मला कात्रजचा घाट एकदा चार वेळा चढायला लावला होता, बसल्या जागी. पिशवीत दोरी, शिट्टी, मेणबत्त्या आणि फिरकीचा तांब्या. शिवाय प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी: "हा इसम सापडल्यास स्वारगेटला आणून सोडावा." मामींच्या चिठ्ठीतही "इसम"च असे. त्यावरून एकदा भोरपर्यंत भांडण झालं होतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं शस्त्र म्हणजे पंचा. गाडी फलाटाला लागते न लागते तोच तो खिडकीतून आत जाई आणि मनातल्या जागेवर पसरला जाई. नेम असा, की एकदा तो थेट ड्रायव्हरच्या गळ्यात पडला आणि आपला सत्कार चालला आहे असं वाटून तो बिचारा हात जोडून उभा राहिला. वाईला आम्ही पोचलो तेव्हा मामांनी उतरल्या उतरल्या चौकशीच्या खिडकीवर विचारलं, "पुण्याला शेवटची गाडी?" उत्तर मिळाल्यावर तेच चहावाल्याला विचारलं, मग पानवाल्याला. तिघांचं एकच उत्तर आलं तेव्हा तर ते फारच घाबरले. "तिघे एकच सांगतायत म्हणजे काहीतरी शिजतंय." मग शेवटच्या गाडीवर भरवसा नको, तिच्या आधीचीवर त्याहून नको, असं करत करत आम्ही ज्या गाडीनं आलो होतो तीच वळून निघाली, तिच्यात बसलो. कंडक्टर म्हणाला, "का हो, काही विसरलं होतं का?" मामी नारळ घेऊन देवळाकडे धावत गेल्या होत्या. त्या निम्म्या वाटेवरून हात जोडून परत आल्या आणि तो नारळ आम्ही सोमवारी चटणीला वापरला.

या वेडाचं मूळ मामींनी मला एकदाच सांगितलं, तेही लसूण सोलता सोलता, वर न बघता. "लहानपणी एकदाच घराबाहेर राहिलेत ते. काकाकडे, एका रात्रीपुरते. सकाळी परत आले तर आई गेलेली." मी त्या दिवसापासून तालमीत डोळे वेळेवर मिटू लागलो.

मुलीच्या लग्नातही मामांनी हीच कसोटी लावली. कुंदा एकुलती एक, हुशार, दिसायला चांगली. स्थळं सांगून येत आणि मामा पगार विचारत नसत, पत्रिका बघत नसत. "तिथून संध्याकाळी पुण्याला गाडी आहे का?" एवढंच विचारत. नागपूरचा डॉक्टर त्यांनी अंतरावर नापास केला. धुळ्याचा बागाईतदार तर दारातच म्हणाला, "अहो, मी पुण्याला येऊन तिला भेटवून नेत जाईन!" तरी नाही. शेवटी मांजरीचं स्थळ आलं. उसाची शेती, मुलगा साखरेच्या तंत्राचं शिकलेला. मामांना आनंदानं रडू कोसळलं. "मांजरी! अहो, सिटी बस जाते!" मुलाचे वडील म्हणाले, "काय काळजी करू नगा पाव्हणं. पोरगी दाराशीच हाय तुमच्या. हाक मारली तर ओ देईल." मामांनी लग्नात परतीच्या वऱ्हाडाच्या गाडीवर पंचा टाकला, तेवढा एक प्रकार सोडला तर सगळं यथासांग पार पडलं.

पण साखरेचं शिकलेला माणूस साखर जिथं होते तिथं जाणार, हे अख्ख्या तालमीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वर्षाच्या आत जावयाला मराठवाड्याच्या पार टोकाला एका कारखान्यावर नोकरी लागली. एका दिवसात जाऊन येणं ब्रह्मदेवालाही शक्य नव्हतं. मामा गेले नाहीत. "मुलीच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नये, शास्त्र आहे," म्हणू लागले. मांजरीला त्यांनी पिंपभर चहा प्यायला होता, हे शास्त्र तेव्हा झोपलं असावं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून कुंदा येईल या आशेवर ते होते. तर डॉक्टरांनी तिला प्रवासच बंद केला. मामी पुढे कुंदाकडे निघून गेल्या. आणि एका दुपारी तार आली: कुंदाला दवाखान्यात हलवलं आहे, निघून या.

मामा माझ्या दारात आले तेव्हा तालमीचं नाव नव्हतं. "रात्री बसून सकाळी पोचायचं, संध्याकाळी बसून सकाळी पुण्यात. गाडीत रात्र काढली तर तो मुक्काम नव्हे, प्रवास होतो. येता?" असं त्यांनी एका दमात विचारलं. तिकडच्या गाड्या शिवाजीनगरहून सुटतात, हाही त्यांना स्वारगेटनं केलेला विश्वासघात वाटला. वाटेत ते सारखे खिशातली चिठ्ठी चाचपत होते.

दवाखाना स्टँडाच्या अगदी समोर होता. संध्याकाळची पुण्याची गाडी सकाळपासूनच आवारात उभी होती. मामांनी आधी तिच्यात पंचा पसरला, शेजारी तांब्या ठेवला, मग मुलीला भेटायला आले. कुंदाचा चेहरा कागदासारखा झाला होता. तरी ती हसली. "बाबा, परतीचं बघितलंत का?"

"बघितलं. खिडकी मिळाली आहे."

"मग निघा वेळेवर. चुकेल," असं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाळ आडवं होतं. "काही सांगता येत नाही. रात्र काढावी लागेल," म्हणाल्या. मामा बाकावर बसले. तेवढ्यात समोरून कंडक्टर ओरडला, "पुणेऽऽ पुणे!" मामा उठले, चपला घातल्या आणि चालू लागले. मामी पिशवी आवरत राहिल्या. माझ्याकडेही बघेनात. मी खिडकीतून पाहिलं, मामा गाडीत चढले. आयुष्यात मी कुणावर एवढा संतापलो नव्हतो. घंटी वाजली, गाडी मागे आली, वळली, दवाखान्यावरून निघून गेली. तिच्या तिसऱ्या खिडकीत पंचा फडफडत होता, आणि शेजारचा कोंबड्यांच्या पाटीवाला अंग चोरून बसला होता, जागा रिकामी ठेवून.

धूळ बसली तेव्हा मामा फाटकात उभे होते, तांब्या छातीशी धरून.

"तांब्या राहिला होता," ते आत येऊन म्हणाले.

"आणि पंचा?" मी विचारलं.

"असू दे. जागा धरलेली बरी."

रात्रभर ते बाकावर ताठ बसून होते. पाठ टेकली नाही, तेव्हा हा मुक्काम नव्हे, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. आतलं दार वाजलं की तांब्या घेऊन उभे राहत. उजाडता उजाडता आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. आत गेल्यावर मामांनी बाळाकडे पाहिलंच नाही. कुंदाच्या कपाळावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "आहेस?"

"आहे, बाबा."

मग ते तिथंच जमिनीवर आडवे झाले आणि भर दिवसा असे घोरले, की समोरच्या स्टँडावर दोन ड्रायव्हरांनी आपापली इंजिनं तपासून घेतली. बारशापर्यंत त्यांनी परतीचं नाव काढलं नाही.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती नात खराडीच्या एका कंपनीत असते आणि सुटी मिळाली की कुठंही निघून जाते. "परत कधी?" असं विचारलं की म्हणते, "बघू ना, टेन्शन काय घेता!" मी मात्र तिच्या परतीच्या गाडीची चौकशी करू लागतो. ते वेड मला वारशात मिळालं असावं. अजूनही स्वारगेटला गाडीत चढलो आणि खिडकीच्या रिकाम्या जागेवर कुणाचा रुमाल, पंचा पडलेला दिसला, की लोक तो उचलून बाजूला ठेवतात आणि खुशाल बसतात. मला जमत नाही. मी दांडा धरून उभा राहतो. कात्रजचा घाट आला की वेळेवर डोळे मिटतो.

कुणी तरी परत येणार म्हणूनच टाकलेला असतो तो.