आंब्यांखालचे गवत

खुरप्याचे पाते विहिरीच्या दगडावर दोनदा वाजे, टक्, टक्. मागोमाग ओल्या मातीचा आणि खुडलेल्या पात्यांचा किंचित कडसर वास येई. मग कुणाची तरी चाहूल लागे आणि आंब्याखालून हाक येई, "पाय!"

एवढाच शब्द. पाय कुठे ठेवू नये, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यावे. अमरावतीच्या आमच्या घरी पाणी भरणाऱ्या बाईपासून सासऱ्यांच्या पक्षकारांपर्यंत सर्वांनी तो ऐकला होता. एकदा परसात गाय शिरली, तिलाही हीच हाक गेली. गाय थांबली, असे माझी नणंद शपथेवर सांगे.

हाक देणाऱ्या त्या म्हाताऱ्या माळ्याला आम्ही माळीबाबा म्हणत असू. उंच, कमरेत वाकलेले. गुडघ्यांचे कातडे जमिनीच्या रंगाचे झालेले. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ती झाडांशी बोलत नाहीत, पण झाडांच्या सान्निध्यात माणसांशीही हळू बोलतात.

परसात पाच जुने आंबे होते. सावली इतकी दाट, की भर वैशाखात तिथे पाऊल ठेवले तर गारवा प्रथम तळव्यांना कळे आणि मग डोळ्यांना. मात्र त्या सावलीत दुसरे काही उगवत नसे. आणि दिवस कापसाचे होते. परमुलखात कुठेशी लढाई जुंपली होती, तिथला कापूस बंद झाला होता आणि विलायतेला वऱ्हाडच्या कापसावाचून चैन पडत नव्हते. गावाबाहेरच्या आमराया तुटल्या, तिथे कपाशी पेरली गेली. आमचे परस एका व्यापाऱ्याला रुईचे गठ्ठे रचायला हवे होते. सासरे वकील, त्यांनी निकाल वाचावा तसे माळीबाबांना सांगितले होते, "सावलीखालची जागा ओसाड पडली आहे. दसऱ्यापर्यंत तिथं काही उगवून दाखवा. नाही तर आंबे तुटतील."

तेव्हा माळीबाबांनी चिखलदऱ्याच्या झऱ्याकाठून एक रोप आणून जागोजागी लावले. अरुंद, गर्द हिरवी, केसांसारखी कडेला वळलेली पाती. दुरून पाहणारा त्याला गवतच म्हणेल. "हे गवत नाई," ते सांगत. "गवत ऊन मांगते. हे सावली मांगते."

मी सून होऊन आले, तेव्हा यातले मला काहीच ठाऊक नव्हते. माझे माहेर अकोल्याकडचे, काळ्या मातीचे. वडील संध्याकाळी पोथी वाचीत. त्यांनी मला अक्षरे दिली, कानाला ओवीची लय दिली. हातांना मात्र वावराने शिकवले. नणंद चिडवी, "वैनी, पोथी वाचता, पण हाताले अजून बोंडाचे ओरखाडे हायेत तुमच्या!" मी हसे, आणि हात पदराखाली घेई.

माझ्या सासरच्या पहिल्याच श्रावणात माळीबाबा आणखी रोपे आणायला चिखलदऱ्याला गेले. त्या दिवसांत एका दुपारी मी परसात गेले आणि आंब्यांखाली जागोजागी गवताची ठोंबे पाहिली. कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात गवताची एक काडी राहिली, तर ती आमच्याकडे लेकीसुनांची लाज समजत. सासरी आपल्या हातांचे काही मोल ठरावे, एवढाच विचार मनात होता. मी पदर खोचला. एकेक ठोंब मुळासकट काढले, आणि माहेरच्या रीतीप्रमाणे मुळे वर करून विहिरीच्या दगडांवर उन्हात वाळत घातले, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. संध्याकाळी ती जमीन विंचरलेल्या केसांसारखी काळी, नितळ दिसत होती. सासूबाई म्हणाल्या, "हाताले वळण हाये पोरीच्या."

सहाव्या दिवशी माळीबाबा आले. डोक्यावर ओल्या पोत्यात बांधलेली रोपे. त्यांनी ओझे उतरवले नाही. तसेच उभे राहिले. मग दगडावरचे एक वाळलेले ठोंब उचलले, उलटे होते ते सुलटे केले, आणि परत ठेवले. मी दारातून पाहत होते. त्या एका हालचालीने मला कळले, ते गवत नव्हते.

तेवढ्यात सासरे परसात आले. "काय माळीबाबा, काहीच नाही ना उगवलं? मग दसऱ्याची वाट कशाला पाहायची? उद्याच कुऱ्हाडीवाले बोलावतो."

"माही चूक झाली, साहेब," माळीबाबा म्हणाले. "पानी कमी पडलं."

त्या काळी सुनेने सासऱ्यांसमोर बोलायचे नसे. लग्न झाल्यापासून माझा आवाज त्यांच्या कानी गेला नव्हता. मी दाराची कडी घट्ट धरली. कडी थंड होती, एवढे आठवते.

"मामंजी, पाणी नाही कमी पडलं. मी उपटलं. निंदून काढलं सगळं."

मग सासऱ्यांचा घोगरा आवाज आला, "सूनबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं, ते कबुलीजबाब द्यायला!" मग ते माळीबाबांना म्हणाले, "चूक तुमची नाही, म्हणून पुढल्या दसऱ्यापर्यंत मुदत. त्यापुढे एक दिवस नाही."

दुसऱ्या सकाळी माळीबाबांनी खुरपे माझ्यापुढे धरले. मी मान वर केली नाही.

"रडता काहून? एक बी मूळ तुटलं नाई तुमच्यानं. हात चांगला हाये, माय. आता उलटं काम करा."

ते वर्ष मी त्यांच्याकडून उलटे काम शिकले. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळे तोडते; म्हणून तिच्यात नदीची वाळू आणि आंब्याचा कुजलेला पाला कालवायचा. पाणी ओतायचे नाही, ओंजळीतून गळू द्यायचे. चैत्रात पाती पिवळी पडली, तेव्हा मला जेवण गेले नाही. आषाढात ठोंबे एकमेकांना भिडली. आणि दिवसभर परसात घुमे, "पाय!" त्यातून माझी सुटका नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सासरे खरोखरच चार कुऱ्हाडीवाले घेऊन आले. मुदत ते विसरणारे नव्हते. कोणते झाड आधी, हे बोट करून दाखवीत तरातरा पुढे निघाले.

"पाय!"

ज्यांच्यापुढे भले भले साक्षीदार अडखळत, ते माझे सासरे एक पाय उचललेला तसाच धरून उभे राहिले. मग त्यांनी खाली पाहिले. पाचही आंब्यांखाली गर्द हिरवे पसरले होते, आणि त्यातून जांभळट फुलांच्या बारीक काड्या वर आल्या होत्या. त्यांनी पाय हलकेच मागे घेतला.

"परत जा," ते माणसांना म्हणाले. "इथली जागा रिकामी नाही."

पुढे परमुलखातली लढाई संपली, कापसाच्या गाड्या विरळ झाल्या, गठ्ठे रचायला जागा मागणारे कुणी उरले नाही. पण ते पाहायला माळीबाबा नव्हते. त्या दसऱ्यानंतरच्याच पौषात ते तापाने गेले. खुरपे विहिरीच्या दगडावर राहिले. ते वाजवण्याचा धीर मला पुष्कळ दिवस झाला नाही.

त्यांच्या आजारपणाआधीची एक सकाळ माझ्यापाशी आहे. मी घागर घेऊन विहिरीकडे निघाले होते आणि सवयीने हिरव्याच्या कडेशी थबकले, वळसा घालण्यासाठी. विहिरीला टेकून बसलेल्या माळीबाबांकडे पाहिले. हाक येईल म्हणून वाट पाहिली. त्यांनी माझ्या अनवाणी, ओल्या पावलांकडे पाहिले. मग मातीचा हात त्या हिरव्यावरून सावकाश फिरवला, जसा कुणी पाहुण्यासाठी पाट पुसतो, आणि म्हणाले,

"चाला."