साहेबांच्या घरचा माणूस

साहेब खोकले तरी शालिकभाऊ टाळ्या वाजवायचे. सौंदडच्या एका सभेत साहेबांना बोलता बोलता खरोखरच ठसका लागला. शालिकभाऊंनी टाळ्या सुरू केल्या, त्यांच्यामागे सगळा मंडप वाजवू लागला आणि साहेबांना पाणी द्यायचं कुणालाच सुचलं नाही.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि शालिकभाऊ माझे शेजारी. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास ते साहेबांच्या मागे लागले, ते लागलेच. घरच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, कौसल्यावहिनी बघायच्या आणि हे जीपमध्ये मागच्या बाजूला, खुर्च्यांच्या चळतीवर बसून गावं फिरायचे. मध्यंतरी साहेबांनी पक्ष बदलला तेव्हा शालिकभाऊंनी गळ्यातला दुपट्टा बदलला, मान तीच ठेवली.

कुणी त्यांना चमचा म्हटलं तर ते रागवत नसत, समजावून सांगत.

"चमचा वेगळा जी, गुरुजी. चाहता चाय पिऊन जाते. समर्थक जेवून जाते. चमचा डबा भरून नेते. कार्यकर्ता सतरंज्या उचलते."

"आणि निष्ठावंत?"

"थो भांडे घासून उपाशी घरी जाते."

हे सांगताना त्यांची छाती फुगलेली असे, कारण साहेब त्यांना भर सभेत निष्ठावंत म्हणाले होते. 'भक्त' हा शब्द मात्र त्यांना खपत नसे. "भक्त देवाले काई ना काई मांगत राह्यते. मी कधी काई मांगतलं का?"

मागितलं, एकदाच. पंचायत समितीचं तिकीट. ते मिळालं पक्षात नुकत्याच आलेल्या एका पाहुण्याला. आदल्याच महिन्यात त्यानं साहेबांच्या जीपला काळे झेंडे दाखवले होते. साहेबांनी मंचावरून त्याच्या गळ्यात हार घातला आणि शालिकभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "शालिक तो अपने घर का आदमी है. आणि पंगतीत घरची माणसं शेवटीच बसतात." मंडप हसला. शालिकभाऊंचे हात क्षणभर तसेच लोंबत राहिले. मग पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

दोन दिवसांनी विरोधी पक्षाची माणसं त्यांच्या अंगणात येऊन बसली. तिकीट तयार होतं, शालिकभाऊंनी फक्त हो म्हणायचं होतं. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हो मना ना. तुमचा साहेब दुसरीकडं जाऊ शकते, त तुमी काऊन नाई?"

शालिकभाऊंनी हात जोडून त्या माणसांना वाटेला लावलं. मी चिडलो. तिकीट आपल्या पायांनी चालत आलं होतं, असा मूर्खपणा करतं का कुणी, असं त्यांना तोंडावर विचारलं.

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला.

"साहेबानं पक्ष सोडला, तरी थो साहेबच राह्यला, गुरुजी. मी साहेब सोडला, त मी कोन राहीन?"

वहिनींनी कप गोळा केले आणि विळा घेऊन त्या बांधीकडे चालू लागल्या. तेवढ्यात रस्त्यावर साहेबांच्या त्या पाहुण्या उमेदवाराच्या प्रचारगाडीचा हॉर्न वाजला, आणि शालिकभाऊ घाईघाईनं चपला शोधू लागले.