पडायचं कसं

जळगावात माझा नाचाचा क्लास केळीच्या एका वखारीच्या वरच्या मजल्यावर आहे. कंटेम्पररी म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे ते जमिनीवर लोळतात तेच ना? हो बाबा, तेच. लोळायलाच शिकवते मी. आमच्यात आधी पडायला शिकावं लागतं, आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो. नवी मुलगी पडताना हात पुढे टाकते आणि कोपरं सुजवून घेते.

गेल्या उन्हाळ्यात अकरावीतली एक मुलगी आली. म्हटलं, पड बघू. ती पडली. हनुवटी छातीला, खांदा आत, आधी कूस, मग पाठ, आणि जराही आवाज नाही. बाकीच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र तास तिथेच थांबवला.

कारण धुळ्यात, कॉलेजात असताना, मीही माझ्या नाचाच्या बाईंसमोर अशीच पडले होते. कुणी शिकवलं, त्यांनी विचारलं. मी ऐटीत म्हटलं, आईनं. खोटं नव्हतं ते. वडिलांच्या चपला दारात वाजल्या की आई कानात पुटपुटायची, डोकं सांभाळ, हात टेकू नको, मोडेल. मला काय डोंबल कळत होतं, मला वाटायचं सगळ्यांच्याच आया शिकवतात. बाई त्याच संध्याकाळी माझ्यासोबत घरी आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, ही आजपासून माझ्याकडे राहील. मी सुटले. आई उंबऱ्याआड उभी होती. वडील वारेपर्यंत ती त्याच घरात राहिली, याचा राग मला अजून येतो. तिचा नाही, त्या घराचा.

आता आई माझ्याकडे असते. क्लासच्या दाराशी खुर्ची टाकून शेंगा सोलते आणि पोरींना तिच्या अहिराणीत चिडवते, "हाऊ काय नाच शे!" ती मुलगी पडली तेव्हा मात्र आईनं तिला जवळ बोलावून सोललेले दाणे तिच्या ओंजळीत घातले.

मुलीचे वडील रोज न्यायला येत. माणूस एकदम सभ्य. मला ताई म्हणायचे, खाली गाडी लावून एकदाच हॉर्न द्यायचे. हॉर्न वाजला की मुलीची हनुवटी छातीला टेकायची. असं पडायला कुणी शिकवलं, मी विचारलं तर म्हणाली, "असंच येतं मला, टीचर." त्यांना दुखावलं तर उद्यापासून ती येणारच नाही, या भीतीनं मी गप्प बसत होते.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "आज मला जरा उशिरा सोडाल?"

खाली हॉर्न वाजला. तिनं बॅग उचलली नाही. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. मी काय बोलावं ते जुळवत होते, तेवढ्यात आईनं शेंगांचं ताट खाली ठेवलं आणि कठडा धरून जिना उतरायला लागली. मी मागे धावले.

"अक्का, पोरगी कुठंय?" ते हसून म्हणाले.

"पोर आज आठेच राही, भाऊ," आई म्हणाली. इथेच राहील.

त्यांचं हसू गेलं. गाडी स्टँडला लावून ते जिन्याकडे आले. आई जिन्याच्या खालच्या दारात, मध्येच उभी होती. तिला बाजूला घ्यायला मी हात पुढे केला, तर तो तिनं झटकला.

ते आणखी जवळ आले. आईनं हनुवटी छातीला टेकवली आणि दार अडवून तशीच उभी राहिली.