मधल्या खोलीतला साग

“लाकूड पडल्या पडल्या कमावतं,” असं सुतार येता-जाता म्हणायचा. बायको म्हणायची, “मग उद्यापासून बाजाराला त्यालाच पाठवा.”

वखारवाल्याने साग उधारीवर दिला, तेव्हा तो फार गोड बोलला होता. “मिस्त्री, तुम्ही घरचेच. पैसे सावकाश द्या, महिन्याचं व्याज तेवढं चुकवू नका.” सुताराने मधली खोली रिकामी केली, सासरी गेलेल्या मुलीचा पलंग विकून टाकला आणि फळ्यांची थप्पी छतापर्यंत रचली. खिडकी तिच्यामागे गडप झाली. भाव चढला तेव्हा तो म्हणाला, अजून चढेल. उतरला तेव्हा म्हणाला, आता विकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. दिवसभर लोकांची दारं-कपाटं करायची आणि मजुरी वखारीत नेऊन ओतायची. वाळवीचं औषध बायकोच्या शिवणकामातून यायचं. साग मजेत लोळत होता, घरदार त्याची चाकरी करत होतं.

मग मुलीचा दवाखान्यातून फोन आला. “आई, बाळाला घेऊन थेट तुझ्याकडेच येते. मधली खोली आवरून ठेव.”

आई तडक अंगणात गेली. “अहो, पोरगी येतेय. त्या फळ्या हलवा. नाहीतर त्यांचाच एक पलंग करा.”

“या लाकडाचा पलंग?” त्याच्या हातातला रंधा थांबला. “अगं, डोकं ठिकाणावर आहे का? थोडी कळ काढ.”

“कळ मी काढायची, पोटाला चिमटा मी घ्यायचा आणि खोली लाकडाला! ओली बाळंतीण कुठे निजवू, तुमच्या डोक्यावर?”

तो पुन्हा रंधा मारू लागला. रंध्याचा तो शांत, सपक आवाज ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने खुंटीवरची करवत काढली, खोलीत शिरली आणि स्टुलावर चढून एकेक फळी खाली ओढायला लागली. वरच्या फळ्या मधासारख्या पिवळ्या, गुळगुळीत. अर्धी थप्पी उतरली तेव्हा कुबट वास आला. खालच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या. तिने बोट दाबलं, ते आत रुतलं.

“करवत ठेव, करवत ठेव!” करत तो धावत आला आणि दारातच थिजला.

“फळ्यांमधल्या पट्ट्या कुठायत?” तिने विचारलं. सुताराच्याच घरात तिचा जन्म गेला होता. थप्पीला वारा लागावा म्हणून दोन फळ्यांमध्ये पट्टी ठेवतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “जास्त माल मावावा म्हणून... काढल्या.”

“हाताखालच्या माणसांना याच चुकीसाठी शिव्या घालता ना? आता स्वतःला घाला. मला ऐकू येतील अशा!”

चांगल्या फळ्या निवडून त्याने पलंग केला, रुंद, सांध्यात केस जाणार नाही असा. उरलेला बरा माल वखारवाल्याने पडत्या भावाने उचलला. “बाकीचं वखारीत राबून फेडा, मिस्त्री,” तो म्हणाला. या वेळी घरचेच म्हणाला नाही.

मुलगी आली. नव्या पलंगावर गाढ झोपली. सकाळी सुताराने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि दारातून म्हणाला, “येतो.”

बायको मधल्या खोलीत, मोकळ्या झालेल्या खिडकीशी नातवाला घेऊन उभी होती. उन्हाची पट्टी पलंगापर्यंत आली होती. तो वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली. ‘लवकर या’ मात्र तिने म्हटलं नाही.